निरोगी यकृतावरची टिकली

वेंकोबा गेला हे मला कळलं तेव्हा मी त्याच्या यकृतासमोर उभा होतो. यात अतिशयोक्ती नाही. माझ्या तोंडून निघणाऱ्या वाक्यांपैकी निम्मी फुगवलेली असतात आणि उरलेली निम्मी मुळातच खोटी असतात, असं मद्रासमधली सगळी मराठी माणसं सांगतात, आणि तीही फुगवूनच सांगतात. पण हे वाक्य जसंच्या तसं खरं आहे. इथल्या एका मोठ्या इस्पितळात... नाव घेत नाही, घेतलं तर संपादक गाळतील... स्वागतकक्षाच्या डाव्या हाताला, गणपतीच्या तसबिरीखाली, भिंतीत एक पडदा बसवलाय. त्यावर हिरव्या रेघांच्या जाळीचं एक यकृत दिवसभर संथपणे गोल फिरत असतं. खाली पितळी पाटी आहे, इंग्रजीत. तिचा अर्थ असा की हे निरोगी प्रौढ माणसाचं यकृत असून त्याचं संगणकावरचं मॉडेल या संस्थेने तयार केलेलं आहे. मी एक्स-रे आणि स्कॅनच्या फिल्म विकणारा माणूस. फिल्मचे खोके उतरवून, सही घेऊन, नेहमीसारखा त्या पडद्यापुढे घटकाभर थांबलो होतो. तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने हाक मारली, "सार, मैलापूरहून फोन आहे. तुमचं नाव सांगतायत." पलीकडून वेंकोबाची बायको, यमुनाबाई, एवढंच म्हणाल्या, "बापटराव, ते गेले. तुम्ही या." फोन ठेवून वळलो तर समोर यकृत फिरतच होतं. ते ज्याचं होतं तो माणूस त्याच यकृतापायी तासाभरापूर्वी मेला होता, आणि पाटी म्हणत होती, निरोगी.

याला आता काही आठवडे झाले. घरच्यांचं म्हणणं, मन शांत झाल्यावर लिहा, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहा. मन शांत व्हायची वाट बघायची तर हा लेख माझ्यावरच्या स्मृतिलेखाबरोबर छापावा लागेल. आणि चांगलं म्हणाल तर वेंकोबाबद्दल मृदू, ऋजू, अजातशत्रू असलं काही लिहिणं म्हणजे त्याचा अपमान. तो भांडकुदळ होता, हट्टी होता, आणि मद्रास शहरात ज्याच्याशी त्याचं बिनसलं नव्हतं असा एकच इसम होता, तो म्हणजे मी. तोही मी बहिऱ्यासारखा वागत असे म्हणून.

त्याचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी तंजावरला आले आणि परत जायचं विसरले. घरात मराठी टिकलं, पण ते इतकं जुनं की पुण्याहून आलेले माझे सासरे त्याच्याशी पाच मिनिटं बोलून मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे गृहस्थ ताम्रपटातून उतरलेत का?" मध्येच तमिळ, मध्येच इंग्रजी, आणि क्रियापद येईपर्यंत माणसाला भूक लागावी. धंद्याने तो इंजिनियर. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं ऑफिस होतं. बॉयलर आणि दाबाच्या टाक्या बनवणारे कारखानदार त्याच्याकडे येत आणि पत्रा किती जाड घ्यायचा ते तो आकडेमोड करून सांगे. एकदा एका मालकाने त्याच्या हिशेबावर शंका काढली. वेंकोबाने काय करावं? टाकीची दाबाची चाचणी चालू असताना तिला पाठ टेकून, स्टूल घेऊन, पेपर वाचत बसला. काटा चढत होता, कामगार भिंतीआड पळत होते, मालक घामाने इतका भिजला की दोन शर्ट बदलावे लागले. वेंकोबाने छोट्या जाहिरातीसुद्धा वाचून संपवल्या. मी ही गोष्ट सांगतो तेव्हा टाकी दर वेळी थोडी मोठी होते हे मान्य, पण स्टूल आणि पेपर खरे आहेत. आपल्या गणितावर त्याचा असा विश्वास होता. त्याला पाठ टेकून बसण्याइतका. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यकृतापर्यंत तो पोहोचला तो ग्रहणामुळे. सूर्यग्रहण होतं, आणि ते बघायला जुन्या फिल्मचे तुकडे सगळ्यांना हवे असतात. तसं बघू नये, डोळे जातात, असं डॉक्टर सांगत. पण तेच डॉक्टर माझ्याकडे तुकडे मागत. मी बाद फिल्मची एक चळत घेऊन मैलापूरला वेंकोबाच्या गच्चीवर गेलो. आळीतले झाडून सगळे माना वर करून उभे. यमुनाबाई खाली, ग्रहणात बाहेर यायचं नाही म्हणून दार लावून बसलेल्या. आणि हा गृहस्थ सूर्याकडे पाठ करून, हातातली फिल्म आभाळाकडे धरून पुतळ्यासारखा उभा. ती पोटाच्या स्कॅनची फिल्म होती. एका मोठ्या कागदाएवढ्या फिल्मवर ओळीने चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत त्याच माणसाचा एकेक आडवा काप, वरून खाली. ग्रहण लागलं, सुटलं, लोक आंघोळीला गेले, कावळे पुन्हा ओरडायला लागले. वेंकोबा तिथेच.

"बापट," तो शेवटी म्हणाला, "कोणी तरी माणसाचं सेक्शन ड्रॉइंग काढलं अहे, आणि तू ते सूर्य बघायला वाटून टाकतोस."

त्या दिवसापासून मी त्याचा पुरवठादार झालो. बॉयलरची गिऱ्हाइकं मागच्या बाकावर गेली. आधी कागदावर, मग पैसे साठवून आणलेल्या कॉम्प्युटरवर, तो माणसं पुन्हा जुळवायला लागला. कामाची पद्धत ऐकायला सोपी आहे. फिल्मवरचा एक काप घ्यायचा, एका सपाट पाटीवर ठेवायचा, आणि पाटीला तारेने जोडलेलं एक भिंग यकृताच्या कडेवरून फिरवत न्यायचं. कॉम्प्युटर ती कड लक्षात ठेवतो. मग पुढचा काप. असे सगळे काप एकावर एक रचले की भाकऱ्यांच्या चवडीसारखं काहीतरी उभं राहतं. दोन कापांच्या मधल्या जागेत काय आहे ते कोणी पाहिलेलं नसतं, ते गणिताने भरायचं. तिथेच वेंकोबाची हुशारी होती. पत्र्याची टाकी वाकताना मध्ये काय होतं ते त्याला जन्मभर माहीत होतं. तो कॉम्प्युटर मात्र असा संथ की यकृताला एक फेरी मारायची आज्ञा देऊन आम्ही बसने अडयारला जायचो, टिफिन करायचो, परत यायचो, तर यकृत अजून कूस वळत असायचं.

आणि त्याच्या शंका. फिल्मवर सगळं काही स्पष्ट नसतं. ही कड यकृताची की शेजारच्या आतड्याची, हा काळसर भाग खरा की रोग्याने श्वास सोडला म्हणून उमटलेला... अशी जागा आली की वेंकोबा तिथे टिकली चिकटवायचा. बायका कपाळावर लावतात ती, मागे गोंद असलेली; इकडे पोट्टु म्हणतात. पेन्सिलीने फिल्म खराब होते, टिकली काढता येते. त्याच मोठ्या इस्पितळातल्या स्कॅन विभागाच्या डॉक्टर कल्याणी दर शनिवारी त्याला वेळ द्यायच्या. त्यांच्याकडे तो फिल्म घेऊन जायचा, त्या एकेका टिकलीखालचं बघून सांगायच्या, आणि शंका फिटली की तो टिकली सोलून दाराच्या चौकटीला लावायचा. गिंडीच्या त्या शेडची चौकट पाहून नवीन माणसाला वाटायचं की आत एखादी देवी बसवलीय. सुरुवातीच्या टिकल्या अर्थातच यमुनाबाईंच्या. "बापटराव, त्यांस विचारा की," त्या मला म्हणाल्या, "माझ्या पोट्टूची पाकिटं कोणत्या बाईच्या कपाळी जातात ते मज कळू द्या." मी म्हटलं, "वहिनी, बाई कुठली, एका कंत्राटदाराच्या पित्ताशयाला लावलीय." त्यांनी विश्वास ठेवला नाही. मग वेंकोबाच देवळाच्या तळ्याजवळच्या दुकानातून ठोक भावात पाकिटं आणायला लागला. दुकानदार दर वेळी हळहळत विचारायचा, "किती मुली तुम्हाला, सार?" याला एकही मूल नव्हतं.

त्या मोठ्या इस्पितळाच्या संचालकांनी वेंकोबाचं काम पाहिलं आणि त्यांना ते हवंसं झालं. शस्त्रक्रिया शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी मोठा शिक्षणकक्ष बांधत होते. तिथे यकृताचं मॉडेल हवं, आतून बाहेरून दिसणारं, कोणत्या रक्तवाहिनीजवळ सुरी न्यायची आणि कुठे न्यायची नाही ते दाखवणारं. करार झाला. आणि करारानंतर एक अडचण समोर आली जी इतकी साधी होती की कोणालाच सुचली नव्हती. निरोगी यकृताची फिल्मच नव्हती. स्कॅन कोण काढतं? ज्याला काहीतरी झालंय तो. माझ्या गोदामात हजारो पोटं होती आणि त्यांतलं एकही धड नव्हतं.

वेंकोबाने शर्ट काढला आणि स्वतः यंत्राखाली झोपला. झोपण्याआधी मला म्हणाला, "कॉफीशिवाय या यकृतानं काही पाहिलं नाहिं. यापरीस निरोगी कोठून आणतोस?"

फिल्म निघाली, सुंदर निघाली. त्याने आठवडेच्या आठवडे ती गिरवली. आणि एका कापात, मागच्या बाजूला, कडेपासून थोडं आत, वाटाण्याएवढा एक काळसर ठिपका सापडला. वेंकोबाने टिकली लावली. डॉक्टर कल्याणींनी दिव्याच्या पेटीवर फिल्म अडकवून बराच वेळ पाहिलं. त्या म्हणाल्या, "बहुतेक काही नाही. पुष्कळांना असं असतं. पण बहुतेक म्हणजे नक्की नव्हे. सहा महिन्यांनी पुन्हा काढू आणि शेजारी ठेवून बघू." शंका फिटली नाही म्हणून टिकली निघाली नाही. मॉडेलमध्येही वेंकोबाने ठिपका प्रामाणिकपणे उतरवला. हिरव्या जाळीच्या आत एक लहानसं वळं, लिंबाच्या बीएवढं, यकृताबरोबर फिरायचं.

उद्घाटन तोंडावर आलं तेव्हा संचालक गिंडीला आले. कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना तेव्हा सगळे चपला बाहेर काढत, धूळ जाऊ नये म्हणून. हे महाशय बूट घालून आत आले. पडद्यावर बोट टेकवून म्हणाले, "वेंकोबा राव, हे आत काय आहे?" वेंकोबाने सांगितलं. ते म्हणाले, "हे काढा. निरोगी म्हणून दाखवायचं आणि मंत्र्यांनी विचारलं की हा डाग कसला तर मी काय सांगू?"

"तो डाग माझा आहे," वेंकोबा म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. ती तुमची खासगी गोष्ट झाली. मॉडेलमध्ये तिचं काय काम?"

मी कोपऱ्यात उभा राहून वाट बघत होतो की आता वेंकोबा या माणसाला बुटांसकट बाहेर फेकणार. याहून कमी अपराधासाठी त्याने लोकांना फेकलेलं मी पाहिलंय. पण तसं झालं नाही. ते वाक्य त्याच्या डोक्यात शिरलं ते नेमकं इंजिनियरच्या दारातून शिरलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "तो मनुष्य मूर्ख अहे, परंतु बोलला ते बरोबर अहे. आम्ही गर्डर निवडतो ते छापील आकड्यांच्या टेबलात बघून. इतक्या रुंदीचा गर्डर, इतका भार घेईल. त्या टेबलात गंज नसतो, बापट. गंज त्या त्या गर्डरास असतो."

"तू टेबल नाहीस," मी म्हणालो. "तू गर्डर आहेस."

"तू फिल्म विक," तो म्हणाला.

माझ्या देखत त्याने ते केलं. त्या कापातलं वळं निवडलं, एक कळ दाबली, ते गेलं. मग वरच्या कापातलं, मग खालच्या कापातलं. जाळी क्षणभर थरथरली आणि भोक भरून निघालं, इतकं गुळगुळीत की तिथे कधी काही होतं असं ब्रह्मदेवालासुद्धा सांगता आलं नसतं. अप्रतिम काम. मला ते आठवलं की आजही हात शिवशिवतात... संचालकांची मान धरायला आधी, आणि मग वेंकोबाची.

कारण इथवरचं मी समजू शकतो. समारंभ होता, बूटवाला माणूस घाईत होता, वेंकोबाला आपलं काम भिंतीवर लागलेलं बघायचं होतं. मंत्री आले, फीत कापली, संचालकांनी 'आमच्या संस्थेने' हे दोन शब्द इतक्या वेळा उच्चारले की ध्वनिक्षेपकाला ते पाठ झाले असतील. वेंकोबा फुलवाल्याच्या मागच्या रांगेत बसला होता आणि खुश होता. ते सगळं ठीक. मी चिडतो ते त्यानंतरच्या गोष्टीवर. ठिपका त्याने मॉडेलमधून काढला होता, पोटातून नव्हे, आणि हा फरक जगाशी भांडणाऱ्या, पत्र्याच्या जाडीवरून मालकांना रडवणाऱ्या माणसाला हळूहळू दिसेनासा झाला. सहा महिने झाले, त्याने स्कॅन काढला नाही. कल्याणींनी फोन केला, म्हणाला येतो. वर्ष झालं, पुन्हा फोन, पुन्हा येतो. मी विषय काढला की म्हणायचा, "माझं यकृत? अख्ख्या मद्रासचे सर्जन त्यावर शिकतात. ते बिघडलेलं असतं तर एकाने तरी सांगितलं नसतं का?" हसून म्हणायचा. पण ते हसणं खोटं होतं असं मला कधीच वाटलं नाही. पुन्हा तपासायचं आणि ठिपका वाढलेला निघाला तर काय? मग त्याची सगळी मेहनत, तो कक्ष, ती पाटी, खोटी ठरणार. हे यकृत त्याच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं गणित होतं. तो त्याला पाठ टेकून बसला. स्टूल घेऊन, पेपर वाचत.

मी यमुनाबाईंना सांगितलं नाही असं नाही. एका संध्याकाळी तो मंडईत गेलेला असताना मी म्हणालो, "वहिनी, वेंकोबाच्या यकृतावर डाग होता, त्याने तो कॉम्प्युटरवर पुसलाय आणि आता दाखवायला जात नाही." त्या माझ्याकडे बघून हसल्या. आदल्याच आठवड्यात मी त्यांना अडयारच्या पुलाखाली मगरीने माझ्या फिल्मचा खोका पळवला आणि दुसऱ्या दिवशी फिल्म धुवून परत आणून दिल्या असं सांगितलं होतं. "झालं तुमचं सुरू," त्या म्हणाल्या. "कॉफी घ्या अधी." मगरीबद्दल मला अजूनही पश्चात्ताप नाही. चांगली मगर होती. संताप येतो तो याचा, की माणसाच्या पोटातल्या ठिपक्याची खरी हकीकत मगरीच्या हकीकतीइतकीच अशक्य वाटावी, अशी ती या शहाण्यासुरत्या लोकांनी करून ठेवली होती.

मग त्याचे डोळे पिवळे झाले. मग जेवण तुटलं, सदरे अंगावर लोंबायला लागले, आणि यमुनाबाईंनीच त्याला हाताला धरून रिक्षात घातलं. कल्याणींनी स्कॅन काढला आणि फिल्म पेटीवर लावली. वाटाणा आता आंब्याएवढा होता, आणि त्याला पिल्लं झाली होती. माझा हात सवयीने खिशाकडे गेला, कारण अलीकडे टिकल्यांचं एक पाकीट मीच त्याच्यासाठी बाळगायचो. वेंकोबाने फिल्मवर नखाने एकदा टक् केलं.

"याला पोट्टु नको," तो म्हणाला.

आमची शेवटची भेट मैलापूरच्या त्याच्या खोलीत झाली. त्या खोलीच्या पूर्वेच्या खिडकीला पडदा कधीच नव्हता. ऊन अडवायला तो काचांवर जुन्या फिल्म लावायचा. सकाळी त्या खोलीत बसलं की आजूबाजूला परक्या माणसांची पोटं उजळून निघायची. तो उशीला टेकून बसला होता, अंगाने माझ्या छत्रीएवढा झालेला. मी शांत राहायचं ठरवून गेलो होतो आणि दोन वाक्यांत फुटलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. एवढंच सांगतो की खालच्या मजल्यावरच्या मामींनी कुकर बंद करून ऐकलं. मूर्ख म्हणालो, हेकट म्हणालो, बायकोला फसवलंस म्हणालो. यमुनाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला थांबवलं नाही. त्यांच्या वाटचंही मीच बोलत होतो की काय कोण जाणे.

वेंकोबाने मला दम लागू दिला. मग म्हणाला, "झालं? अता ऐक. ते वळं परत घालायचं अहे."

"कसलं वळं?"

"मी काढलं ते. तिथं काही नाहिं असं मी पोरांस शिकवलं. तिथं होतं. पुढे काही पोटं उघडतील ती, ठिपका बघतील, आणि म्हणतील, राव सरांच्या मॉडेलात असं नाहिं, सोडून द्या."

मी विचारलं, जुनी फाइल असेल ना, ठिपक्यासकट? तो म्हणाला, "तिच्यावरच नवी लिहिली. मज वाटलं, एका माणसास दोन यकृतं कशाला..." मग त्याने हात उचलून खिडकीकडे दाखवलं. खालच्या काचेवर त्याचीच फिल्म होती, ती निरोगी म्हणवलेली, आणि तिच्या एका चौकटीत टिकली अजून चिकटलेली होती. मरून रंगाची, उन्हाने फिकी पडलेली. सगळ्या शंका त्याने आयुष्यभर सोलून चौकटीला लावल्या, ही एक तेवढी कधी काढली नव्हती. रोज सकाळी ती त्याच्या डोळ्यांसमोर उजळत होती. म्हणजे त्याला माहीत होतं. इतकी वर्षं, रोज, त्याला माहीत होतं. मला पुन्हा त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, पण तो दमला होता. "त्या फिल्मवरून पुन्हा गिरवता येईल," तो म्हणाला. "कल्याणी दाखवील कुठं ते. तू संचालकांस सांग."

मी सांगितलं. तो गेल्याचे तेरा दिवस झाल्यावर फिल्म गुंडाळून न्यायची परवानगी मागायला गेलो तर यमुनाबाई म्हणाल्या, फिल्म जागची हलवू नका, अधी संचालक हो म्हणू देत. म्हणून रिकाम्या हाताने गेलो. संचालकांनी बसायला सांगितलं, खेद व्यक्त केला, कॉफी मागवली. मग म्हणाले, "मॉडेल आता अभ्यासक्रमात आहे, मिस्टर बापट. त्यात डाग घातला तर ते निरोगी राहत नाही."

"ते निरोगी नव्हतंच," मी म्हणालो.

"मग निरोगी म्हणून आम्ही काय दाखवायचं?"

या प्रश्नाने माझं डोकं आणखी फिरलं. पुढे ते म्हणाले की त्यांच्या कॉम्प्युटर विभागात फोटो लावू, शोकसभा घेऊ. शोकसभा झाली, त्याच शिक्षणकक्षात. वेंकोबाच्या फोटोला हार, आणि फोटोमागे मोठ्या पडद्यावर त्याचंच यकृत, गुळगुळीत, फिरतंय. संचालक त्याला 'आमच्या संस्थेचे तंत्रसहायक' म्हणाले. मी उठलो. म्हणालो, तुमच्या मागे जे फिरतंय ते याच माणसाचं आहे, त्यात ठिपका होता, तुम्ही तो काढायला लावलात, तो त्या ठिपक्याने मेला, आणि तो परत घाला अशी त्याची शेवटची इच्छा आहे. मग मागच्या रांगेतून, जिथे आपली मराठी मंडळी बसली होती, कोणीतरी हळूच म्हणालं, "बापट, निदान आज तरी नको." दोघंतिघं हसले. कल्याणी खाली बघत राहिल्या. त्यांना नोकरी आहे, त्यांच्यावर माझा राग नाही. बाकीच्यांवर आहे. प्रत्येकावर, नावानिशी, हसणाऱ्यांवर जास्त.

पण यमुनाबाई हसल्या नाहीत. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी कपाट उघडून एक पिशवी माझ्यापुढे ठेवली. आत टिकल्यांची पाकिटं, रबराने बांधलेली, तळ्याजवळच्या दुकानातली. "त्यांनी आणून ठेवलीत," त्या म्हणाल्या. "मज अता नकोत. ठिपका परत घालायचा म्हणाले होते ना? मग घाला की."

तेव्हा आता मी काय करतो ते सांगतो, आणि हेही खरं आहे. फिल्मचे खोके पोहोचवले की मी स्वागतकक्षातल्या त्या पडद्यापुढे जातो. कोणी बघत नसलं की एक टिकली सोलतो आणि काचेवर चिकटवतो, यकृताची मागची बाजू समोर आली की कडेपासून थोडं आत येईल अशी. जागा मला खिडकीवरून पाठ आहे. अर्थात टिकली काचेवर असते आणि यकृत आत फिरत असतं. ते तिच्याखालून निघून जातं, कुशीवर वळतं, टिकली रिकाम्या काळोखावर एकटीच चिकटून राहते. पण दर फेरीत एकदा, एखादा क्षण, हिरवी जाळी वळून बरोबर तिच्याखाली येते आणि ठिपका जिथे होता तिथे असतो. तेवढा क्षण पाटीवरचा मजकूर खोटा ठरतो. मग सफाईवाली बाई येऊन ती पुसून टाकते. तिचं ते कामच आहे. पुढच्या खेपेला मी नवी लावतो. पाकिटं पुष्कळ आहेत.